सुट्टीनंतर रोबोटच्या सहाही अक्षांवर सर्व्हो-०६२ अलार्म, आणि त्याआधीपासून ०६८ व ०५० : दोष एक की अनेक?

उद्यमबाग_देखभाल :

नमस्कार मंडळी.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये देखभालीचे काम माझ्याकडे आहे. फाउंड्रीतून आलेले व्हॉल्व्ह बॉडीचे कास्टिंग सीएनसी लेथमध्ये चढवायचे आणि तयार जॉब उतरवून ट्रेमध्ये ठेवायचा, एवढ्याच कामासाठी आमच्याकडे २० किलो क्षमतेचा सहा अक्षांचा (म्हणजे सहा सांध्यांचा) रोबोट आहे. त्याचा मेक मुद्दाम लिहीत नाही. अलार्मच्या क्रमांकांवरून जाणकारांना तो ओळखता येईल, आणि दोष मेकचा आहे असे मला वाटतही नाही.

गणपतीच्या सुट्टीत कारखाना बंद होता आणि पावसाचे दिवस असल्यामुळे पॅनेलचा मेन स्विचही पाडून ठेवला होता. सुट्टी संपल्यावर कंट्रोलर चालू केला तेव्हा पेंडंटवर (हातात धरायच्या नियंत्रण-पाटीवर) ‘सर्व्हो-०६२ बीझेडएएल’ हा बॅटरी संपल्याचा अलार्म पहिल्या ते सहाव्या अशा सर्व अक्षांवर आला. रोबोटच्या तळाशी असलेल्या डब्यातील चारही सेल काढून खडेबाजारातून आणलेले नवे अल्कलाइन सेल बसवले. मीटरवर चौघांचा मिळून सहा व्होल्टच्या वर दाब मिळतो आहे. तरीही रीसेट दाबून अलार्म जात नाही आणि कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू केला तरी तो जसाच्या तसा परत येतो.

सुट्टीच्या आधीची हकीकतही सांगणे आवश्यक आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून ‘सर्व्हो-०६८ डीटीईआरआर, ग्रुप १, ॲक्सिस ५’ हा अलार्म अधूनमधून येत असे. रीसेट केल्यावर काम पुढे सुरू होई. त्याशिवाय ‘सर्व्हो-०५० कोलिजन डिटेक्ट’ हा टक्कर झाल्याचा अलार्मही येतो, पण हात कोठेही आपटलेला नसतो. तो बहुधा लेथच्या तोंडाशी, तयार जॉब काढून कच्चे कास्टिंग चढवण्याच्या वेळी येतो. आमचा ग्रिपर (जॉब पकडणारा पंजा) दुहेरी असून त्याचे वजन साडेचार किलो आहे, कास्टिंग सात किलोचे आणि तयार जॉब सुमारे सहा किलोचा असतो.

बाहेरच्या एका तंत्रज्ञाने फोनवरून असे निदान केले आहे की पाचव्या अक्षाचा पल्सकोडर (मोटरची स्थिती मोजणारा भाग) गेला असून त्यामुळेच सर्व अक्षांची स्थिती पुसली गेली, आणि त्यासाठी पाचव्या अक्षाची मोटर बदलावी लागेल. मालकांनी मोटरच्या किमतीचा अंदाज ऐकला आणि मला दोन दिवस थांबायला सांगितले. हे निदान कितपत बरोबर आहे, ०६२ कसा घालवावा, आणि तो गेल्यानंतर जुने प्रोग्रॅम तसेच वापरता येतील की सर्व पॉइंट (हाताने जायच्या शिकवलेल्या जागा) नव्याने शिकवावे लागतील, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे. ज्या मुलाने पॉइंट शिकवले होते तो आता पुण्याला नोकरीला आहे.

मच्छे_सर्व्होवाला :

नमस्कार. मोटरची ऑर्डर कृपया देऊ नका. आपण दिलेल्या माहितीतच त्या निदानाविरुद्धचा पुरावा आहे.

अलार्मच्या क्रमांकाइतकेच महत्त्व त्यापुढे कंसात येणाऱ्या अक्षाच्या क्रमांकाला असते, आणि घाईत नेमके तेच वाचायचे राहून जाते. प्रत्येक अक्षाचा पल्सकोडर स्वतंत्र असतो आणि त्याची मोजणीही स्वतंत्रपणे साठवली जाते. पाचव्या अक्षाचा पल्सकोडर खराब झाला म्हणून पहिल्या किंवा तिसऱ्या अक्षाची मोजणी पुसली जाण्याचे काही कारण नाही. ०६२ एकाच अक्षावर आला असता तर त्या अक्षाचा पल्सकोडर, त्याची केबल किंवा मोटरजवळचा कनेक्टर यांच्याकडे बोट दाखवता आले असते. तो सहाही अक्षांवर एकदम आला, याचा अर्थ दोष सहाही अक्षांना समान असलेल्या जागी आहे, आणि अशी जागा म्हणजे तळातील बॅटरीचा डबा व तेथून निघणारी बॅटरीची तार.

आता कारण पाहू. कंट्रोलर चालू असताना पल्सकोडरला वीज कंट्रोलरकडून मिळते. मेन बंद झाला की मोटरच्या किती फेऱ्या झाल्या ही मोजणी जिवंत ठेवण्याचे काम त्या चार डी आकाराच्या सेलवर येते. एरवी रात्रीपुरता किंवा रविवारपुरता हा भार कसाबसा पेलणारे अशक्त सेल लांबच्या सुट्टीत मान टाकतात. सेल अशक्त झाल्यावर कंट्रोलर आधी ‘सर्व्हो-०६५ बीएलएएल’ अशी सूचना देतो. ती केवळ ताकीद असल्यामुळे रोबोट थांबत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अलार्मच्या पडद्यावर जाऊन हिस्टरी उघडावी आणि तारखांसह मागे जात पाहावे. सुट्टीपूर्वीच्या दिवसांत ०६५ सापडेल असे मला वाटते. माझ्या मते कोणत्याही अलार्मची तपासणी सर्वांत वरच्या नोंदीपासून न करता, ज्या नोंदीपासून त्रास सुरू झाला त्या नोंदीपासून करावी.

नवे सेल बसवूनही अलार्म का जात नाही, याचे उत्तर सरळ आहे. मोजणी एकदा पुसली गेली की नुसत्या रीसेटने ती परत येत नाही. मेनूमधील सिस्टिमच्या यादीत ‘मास्टर/कॅल’ हे पान उघडावे. ते दिसत नसेल तर सिस्टिम व्हेरिएबलमध्ये ‘मास्टर ईएनबी’ची किंमत १ करावी लागते. त्या पानावरील ‘रेस पीसीए’ हे पल्सकोडरचा अलार्म पुसण्याचे बटण दाबून होकार द्यावा आणि कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करावा. सेल आणि त्यांची तार ठीक असेल तर ०६२ जाईल, पण त्याच्या जागी ‘सर्व्हो-०७५ पल्स नॉट एस्टॅब्लिश्ड’ येईल. त्याने घाबरून जाऊ नये. पल्सकोडरला फेरीतील आपली संदर्भखूण अजून सापडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. पेंडंटवरून टी-१ मोडमध्ये (कमी वेगाच्या चाचणी मोडमध्ये), जॉइंट पद्धतीने, एकेक अक्ष सावकाश हलवावा. मोटरची किमान एक फेरी पूर्ण झाली की त्या अक्षाचा ०७५ रीसेटने जातो. या वेळी कंट्रोलरला स्वतःची स्थिती खात्रीने माहीत नसल्यामुळे सॉफ्टवेअरच्या मर्यादांवर विसंबू नये आणि हात लेथच्या आत असेल तर तो आधी कोणत्या दिशेने मोकळा होईल याचा विचार करूनच बटण दाबावे.

त्यानंतर मास्टरिंग (प्रत्येक अक्षाचे शून्य कंट्रोलरला पुन्हा ओळखवून देणे) करावे लागेल, आणि खरे कष्ट त्यातच आहेत. पूर्वी कोणी ‘क्विक मास्टर’चा संदर्भ नोंदवून ठेवला असेल तर त्या ठरलेल्या स्थितीत रोबोट नेऊन क्विक मास्टरिंग करता येते आणि अचूकता बहुतेक पूर्वीसारखी राहते, कारण एका फेरीच्या आतील स्थिती पल्सकोडरकडून मिळते आणि आपल्याला फक्त फेऱ्यांची संख्या जुळवून द्यायची असते. तो संदर्भ नसेल तर प्रत्येक अक्षावरील शून्याच्या खुणा समोरासमोर आणून झिरो पोझिशन मास्टरिंग करावे. खुणा डोळ्यांनी जुळवायच्या असल्यामुळे त्यात थोडा फरक राहतोच. जुन्या बॅकअपमधील मास्टर काउंटचे आकडे तसेच भरून काम भागेल, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. कंट्रोलरची स्मृती गेली आणि पल्सकोडरची मोजणी शाबूत राहिली, अशा वेळी तो उपाय योग्य असतो. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे.

एक सूचना मात्र अत्यंत आग्रहाने करतो. पुढे कधीही हे सेल बदलताना कंट्रोलर चालू ठेवून आणि इमर्जन्सी स्टॉप दाबूनच बदलावेत. हे काम वर्षातून एकदा करायचे असते. आपल्याकडे गणपतीच्या आधीचा आठवडा त्यासाठी ठरवून टाकला तर विसरण्याचे कारण उरणार नाही. साधे झिंक-कार्बनचे सेल स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत, कारण ते गळतात आणि डब्यातील पट्ट्या खाऊन टाकतात.

निपाणी_पॅनेल :

वरील उत्तराशी मी सहमत आहे. ०६२ आणि ०६८ यांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. ते एकाच यंत्रात एकाच पावसाळ्यात आले, एवढेच त्यांच्यातील नाते. ०६८ विषयी थोडे सविस्तर लिहितो.

या कंट्रोलरमध्ये पल्सकोडर आणि सर्व्हो ॲम्प्लिफायर (पॅनेलमधील, मोटरला वीज देणारा भाग) यांच्यात सिरीयल संवाद चालतो. ॲम्प्लिफायर स्थिती विचारतो आणि पल्सकोडर उत्तर देतो. उत्तर आलेच नाही तर ०६८, आलेल्या उत्तरातील माहिती बिघडलेली असेल तर ०६९ आणि उत्तराचे सुरुवातीचे किंवा शेवटचे बिट चुकले तर ०७० येतो. म्हणजे हे तिन्ही अलार्म मुळात संवाद तुटल्याचे सांगतात. तो कोठे तुटला हे सांगत नाहीत. पल्सकोडर, मोटरजवळचा कनेक्टर, हाताच्या आतून जाणारी केबल, तळाचा कनेक्टर, तेथून पॅनेलपर्यंतची केबल आणि ॲम्प्लिफायरवरील सीआरएफ८ हा कनेक्टर, अशी ती सगळी साखळी आहे. तिच्यातील सर्वांत महागाची कडी आधी बदलण्याचा सल्ला देणाऱ्या तंत्रज्ञाविषयी मी अधिक काही लिहीत नाही.

पाचव्या अक्षाचा अलार्म आला म्हणून बिघाड मनगटापाशीच असेल, असेही समजू नये. त्या अक्षाच्या तारा तळापासून निघून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षाच्या वळणांतून वर जातात आणि तार तुटते ती बहुधा सतत वळणाऱ्या जागी. त्यामुळे अलार्म आला त्या क्षणी रोबोट कोणत्या स्थितीत होता, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. नेहमी एकाच स्थितीत येत असेल तर केबलचा संशय बळावतो. स्थितीशी काही संबंध नसेल आणि पावसाळी, दमट हवेत जास्त येत असेल, तर कनेक्टरमध्ये ओल किंवा कूलंट (लेथमधील थंड करणारा द्रव) शिरल्याचा संशय घ्यावा. आणि जवळचा एखादा मोठा ड्राइव्ह किंवा वेल्डिंग मशीन चालू होताच येत असेल तर केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) पॅनेलमधील अर्थ क्लॅम्पखाली नीट दाबलेले आहे का, हे पाहावे. शील्डवरचे प्लास्टिक न सोलताच ते क्लॅम्पखाली दाबलेले मी अनेक पॅनेलमध्ये पाहिले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला अर्थिंग झालेले दिसते, प्रत्यक्षात ते झालेले नसते.

तपासणीची एक सुरक्षित पद्धत सांगतो. हा संवाद सर्व्हो बंद असतानाही चालूच असतो, म्हणून इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवावा, कंट्रोलर चालू असावा आणि मोटरला पुरवठा नसताना केबलचा एकेक टप्पा हाताने हळूच हलवत जावे. ज्या टप्प्यावर पेंडंटवर ०६८ उमटेल तेथे शोध थांबतो. मोटर फिरत असताना कुंपणाच्या आत कोणीही जाऊ नये, हे आपल्याला माहीत आहेच, परंतु अधूनमधून येणारा दोष पकडण्याच्या नादात चांगले अनुभवी फिटरही हा नियम मोडतात, म्हणून लिहिले.

कनेक्टर काढून पाहायचे असल्यास एक भेद लक्षात ठेवावा. तळाशी पॅनेलकडून येणारा कनेक्टर कंट्रोलर बंद करून काढला तर स्थिती पुसली जात नाही, कारण सेल रोबोटच्या बाजूला आहेत. मोटरवरचा पल्सकोडरचा कनेक्टर काढला तर मात्र त्या अक्षाचा सेलशी संबंधच तुटतो आणि त्या अक्षावर नव्याने ०६२ येतो. त्यामुळे शोधाची सुरुवात तळापासून करावी आणि मोटरपर्यंत पोहोचण्याची वेळ आलीच तर मास्टरिंगच्या आधी पोहोचावे, म्हणजे तेच काम दोनदा करावे लागणार नाही. ॲम्प्लिफायरजवळ हात घालण्यापूर्वी मेन बंद करून कुलूप लावावे आणि डीसी लिंकमध्ये (ॲम्प्लिफायरच्या आतील डीसी विजेच्या भागात) दाब असल्याचे दाखवणारा एलईडी पूर्ण विझेपर्यंत थांबावे. मेन पाडल्यावरही तेथील कपॅसिटरमध्ये काही काळ जीवघेणा दाब असतो.

शिरोली_इंटिग्रेटर :

०५० बद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून कोल्हापूरकडून माझी भर घालतो.

खरी टक्कर झालेली नसताना कोलिजन डिटेक्ट येतो तेव्हा पहिला संशय पेलोडच्या (हातातील भाराच्या) नोंदीवर घ्यावा. हा रोबोट टक्कर ओळखण्यासाठी हाताला वेगळा सेन्सर वापरत नाही. ठरलेल्या हालचालीसाठी प्रत्येक मोटरला किती जोर लागायला हवा, याचे गणित तो करतो आणि प्रत्यक्ष जोर त्याहून बराच वेगळा निघाला की काहीतरी आडवे आले असे मानतो. त्या गणितात हातातील वजन, त्याचा गुरुत्वमध्य आणि जडत्व हे आपण भरलेले आकडे असतात. आपल्या आकड्यांप्रमाणे रिकाम्या ग्रिपरचे वजन साडेचार किलो, कच्चे कास्टिंग धरल्यावर साडेअकरा आणि लेथच्या तोंडाशी तयार जॉबही हातात असताना साडेसतरा किलो होते. प्रोग्रॅममध्ये या तिन्हींसाठी एकच पेलोड भरलेला असेल तर अलार्म नेमका अदलाबदलीच्या वेळी येणार, आणि आपण तेच लिहिले आहे. पेलोडच्या वेगवेगळ्या नोंदी करून ठेवाव्यात आणि ग्रिपर बंद किंवा उघडा झाल्यावर प्रोग्रॅममधील पेलोडच्या सूचनेने योग्य ती नोंद निवडावी.

साडेसतरा हा आकडा २० किलोंच्या आत आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. मनगटाची मर्यादा केवळ वजनाची नसून आघूर्णाचीही (वजन गुणिले अंतर) असते. दुहेरी ग्रिपरमध्ये वजन फ्लॅंजपासून (मनगटाच्या टोकावरील चकतीपासून) जितके दूर तितका मनगटावरचा भार वाढतो, हे रोबोटच्या पुस्तकातील आलेखावर एकदा ताडून पाहावे. ते ठीक निघाले तर मग इतर कारणांकडे वळावे : येणाऱ्या विजेचा दाब कमी पडणे, ब्रेक पूर्ण न सुटणे, किंवा थंडीत सकाळी ग्रीस घट्ट झालेले असणे. बेळगावात मार्गशीर्ष-पौषातील सकाळच्या पाळीत हे शेवटचे कारण नाकारता येणार नाही, पण आपला अलार्म पावसाळ्यातला आहे. कोलिजन डिटेक्टची संवेदनशीलता कमी करून गप्प बसण्याचा उपाय काही जण सुचवतील. पेलोड बरोबर भरण्यापूर्वी तसे करणे मला अजिबात मान्य नाही. खरी टक्कर होईल त्या दिवशी ते महागात पडते.

उद्यमबाग_देखभाल :

आपणा सर्वांचे आभार. काय आढळले ते सविस्तर लिहितो.

हिस्टरीत ०६५ सापडला, आणि तोही एकदा नव्हे. तो मे महिन्यापासून दिसतो आहे. आमच्या रात्रपाळीच्या वहीत तशी कन्नडमध्ये नोंदही होती, पण दिवसपाळीच्या वहीत ती कोणी उतरवून घेतली नव्हती. आता दोन्ही पाळ्यांसाठी एकच वही केली असून क्रमांक, अक्ष, वेळ आणि रोबोटची स्थिती असे चार रकाने आखले आहेत; भाषा ज्याला जी सोयीची ती.

निपाणीच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मास्टरिंगच्या आधी केबलचा शोध घेतला. हाताचे सगळे टप्पे हलवून काही झाले नाही, पण तळाच्या कनेक्टरला स्पर्श करताच ०६८ आला. मेन बंद करून, कुलूप लावून तो उघडला तेव्हा आत कूलंट आणि कास्टिंगची बारीक धूळ यांचा गाळ होता आणि दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. वायरिंगच्या नकाशावर ताडून पाहिले. त्या पाचव्या अक्षाच्या सिग्नलच्याच निघाल्या. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, वाळवून, हुडचे स्क्रू घट्ट केले आणि वर पत्र्याचे झाकण बसवले. त्यानंतर कनेक्टर कितीही हलवला तरी अलार्म येत नाही.

नंतर ‘रेस पीसीए’ केले. ०६२ गेला, ०७५ आला, एकेक अक्ष हलवल्यावर तोही गेला. क्विक मास्टरचा संदर्भ कोणी ठेवलेला नव्हता, त्यामुळे शून्याच्या खुणांवर मास्टरिंग केले. टी-१ मध्ये जुना प्रोग्रॅम चालवून पाहिला तेव्हा चकसमोर (लेथच्या जॉब पकडणाऱ्या जबड्यांसमोर) ग्रिपर काही मिलिमीटर बाजूला जातो आहे. सगळे पॉइंट नव्याने शिकवावेत की मास्टरिंग पुन्हा करावे?

शिवाय एक नवीन गोष्ट घडली. तपासणीसाठी कुंपणाचे दार वारंवार उघडत असताना ‘सर्व्हो-२३० चेन १ ॲबनॉर्मल’ आला आहे आणि तो साध्या रीसेटने जात नाही. पेंडंटवरील चेन फेल्युअरचे वेगळे रीसेट वापरू का?

मच्छे_सर्व्होवाला :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सुरक्षेशी संबंधित आहे. ते वेगळे रीसेट आत्ताच वापरू नका.

कुंपणाचे दार, इमर्जन्सी स्टॉप, पेंडंटचा डेडमन स्विच (धरून ठेवल्याशिवाय रोबोट हलू न देणारा) या सर्वांना दोन समांतर चेन (सुरक्षेच्या जोडण्यांच्या साखळ्या) असतात. दोन्ही एकाच वेळी उघडल्या पाहिजेत आणि एकाच वेळी बंद झाल्या पाहिजेत. एक उघडली आणि दुसरी उघडली नाही, तर दोहोंपैकी एक विश्वासार्ह राहिलेली नाही, असा निष्कर्ष काढून कंट्रोलर मुद्दामच सहजासहजी रीसेट होऊ देत नाही. दार अर्धवट उघडून लगेच ढकलले किंवा डेडमन स्विच अर्धवटच दाबला गेला तरीही असे घडते, त्यामुळे दरवेळी काहीतरी तुटलेलेच असेल असे नाही. तरीसुद्धा कारण न शोधता ते रीसेट वापरले आणि एका चेनचा संपर्क खरोखर चिकटून बसलेला असेल, तर आपण रोबोट एकाच चेनच्या भरवशावर चालवू लागतो, आणि तीही निकामी झाली तर दार उघडल्यावर रोबोट थांबेलच याची हमी राहत नाही.

कंट्रोलर बंद करावा. दाराच्या स्विचचे दोन्ही संपर्क मीटरने वेगवेगळे तपासावेत, दार सावकाश उघडत आणि बंद करत. दोन्ही संपर्क जवळजवळ बरोबरच बदलतात का, हे पाहावे. फाउंड्रीच्या धुळीत अशा स्विचची जीभ अडखळते किंवा दाराची बिजागरी खाली बसल्यामुळे ती पूर्ण आत जात नाही, आणि आपण दार वारंवार उघडेपर्यंत ते लक्षात आलेले नसते. स्विच संशयास्पद वाटला तर तो बदलावा, मगच चेन फेल्युअरचे रीसेट करावे आणि त्यानंतर दार, पॅनेलवरील स्टॉप व पेंडंटवरील स्टॉप हे तिन्ही एकेक करून वापरून पाहावेत. दुरुस्ती होईपर्यंत स्विचला तारेने जोडून काम चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मालकांच्या समोर लेखी द्यायला सांगावा.

आता पॉइंटविषयी. सगळे पॉइंट नव्याने शिकवण्याच्या आधी फरकाचे स्वरूप ओळखावे. ग्रिपरमध्ये एक टोकदार सळई घट्ट धरून तिच्या टोकाचा टूल फ्रेम (मनगटापासून टोकाच्या जागेची नोंद) अचूक करून घ्यावा, समोर दुसरे टोक पक्के रोवावे आणि दोन्ही टोके भिडवून मनगट वेगवेगळ्या दिशांनी त्या टोकाभोवती फिरवावे. टोके एकमेकांना धरून राहिली तर मास्टरिंग बऱ्यापैकी बसले आहे, आणि रोबोट किंवा लेथ जागचा हलला असण्याची शक्यता तपासून फ्रेम सरकवणे पुरेल. मनगट फिरवताना टोके दूर जात असतील तर एखाद्या अक्षाचे शून्य चुकले आहे. एका अक्षाच्या अंशाच्या छोट्या भागाचा फरकही हाताच्या लांबीमुळे टोकाशी मिलिमीटरांत दिसतो. माझा अंदाज दुसऱ्या प्रकाराचा आहे, कारण खुणांवर केलेल्या मास्टरिंगमध्ये असेच होते. ज्या अक्षाचा संशय असेल त्याची खूण भिंगाने आणि पुरेशा उजेडात पुन्हा जुळवून त्याच एका अक्षाचे सिंगल ॲक्सिस मास्टरिंग करावे. संशय कोणत्या अक्षाचा घ्यावा, हे ठरवण्यासाठी चकसमोरच्या एखाद्या जुन्या पॉइंटवर जाऊन एकेक अक्ष हलवत पाहावे. ज्याच्या थोड्याशा हालचालीने संपूर्ण फरक भरून निघतो, तोच बहुधा चुकलेला असतो.

पॉइंट समाधानकारक जुळले की त्याच दिवशी दोन गोष्टी कराव्यात. एक सोयीची स्थिती ठरवून क्विक मास्टरचा संदर्भ नोंदवावा आणि तिचे सहा कोन पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावेत. आणि संपूर्ण बॅकअप यूएसबीवर घ्यावा. मास्टरिंगचे आकडे सिसमास्ट नावाच्या फाइलमध्ये असतात, ती त्यात आली आहे ना, हे उघडून पाहावे.

खानापूर_फिटर :

थोडे विषयाला जोडून. आमच्याकडे शेजारच्या इंडक्शन फर्नेसमुळे विजेचा दाब खाली जाऊन ‘सर्व्हो-१३६ डीसीएलव्हीएएल’ येत असे. तीन फेजचे दाब एका पाळीभर नोंदवून घेतल्यावर ते सिद्ध झाले. आपल्या हिस्टरीत १३६ किंवा ०४७ (दोन्ही दाब कमी पडल्याचे अलार्म) नसेल तर याकडे वळण्याची गरज नाही.

उद्यमबाग_देखभाल :

खानापूरचे दादा, आमच्या हिस्टरीत ते दोन्ही नाहीत, त्यामुळे वीज सध्या सोडून दिली आहे.

दाराच्या स्विचचा एक संपर्क खरोखरच उशिरा बदलत होता. बिजागरी वर उचलून आणि स्विच नवा बसवून २३० गेला, आणि तिन्ही स्टॉप तपासून पाहिले. टोकाच्या चाचणीत मनगट फिरवताना टोके दूर गेली. जुन्या पॉइंटवर तपासले तेव्हा फरक तिसऱ्या अक्षाने भरून निघाला. त्याच्या खुणेवर रंगाचा थर होता, तो खरवडल्यावर खरी रेघ दिसली. सिंगल ॲक्सिस मास्टरिंगनंतर चकसमोरचे पॉइंट जुळले, फक्त ट्रेमधील शेवटच्या ओळीचे दोन पॉइंट हाताने दुरुस्त करावे लागले. पेलोडच्या तीन नोंदी करून प्रोग्रॅममध्ये घातल्या आहेत. क्विक मास्टरचा संदर्भ आणि बॅकअपही झाला.

एक शंका उरते. साफ केलेला तळाचा कनेक्टर तसाच ठेवावा की नवा मागवावा?

निपाणी_पॅनेल :

नवा मागवावा. हिरव्या पडलेल्या पिनेवरचा मुलामा गेलेला असतो आणि साफ केल्यानंतरही ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजते. पॅनेलच्या बाजूचा कनेक्टर केबलसह मिळतो, तो बदलणे सोपे आहे. रोबोटच्या बाजूच्या पिनाही भिंगाने पाहून घ्याव्यात, कारण त्या खराब असतील तर नवी केबल लावूनही ०६८ परत येईल. माल येईपर्यंत रोबोट चालवायला हरकत नाही. दरम्यान लेथचा कूलंट त्या दिशेला का उडतो हेही पाहावे. बहुधा लेथच्या दाराचे रबर गेलेले असेल.

उद्यमबाग_देखभाल :

रबर गेलेलेच आहे. केबल आणि रबर दोन्हींची मागणी आजच पाठवतो.